कृत्रिम कालवड

शरणबसप्पाची गाय व्याली आणि शेजारच्या घरात लिंबाजीला अन्न गोड लागेना.

गाय व्याली याचं त्याला काही नव्हतं. जनावर म्हटल्यावर ते कधी ना कधी व्यायचंच. दुखणं होतं ते झालेल्या कालवडीचं. तांबूस तुकतुकीत अंग, घुमटासारखं फुगीर कपाळ, आणि कान तर विड्याच्या पानांसारखे लांब, दोन्ही बाजूंना लोंबणारे. जळकोटपासून आत गेलेल्या रस्त्यावरच्या त्या गावात असले कान कोणी पाहिले नव्हते. बाळंतिणीला बघायला जावं तशा बाया गोठ्यात जाऊ लागल्या. शरणबसप्पाची बायको नीलम्मा येईल तिला चहा पाजत होती, आणि दृष्ट लागू नये म्हणून तिनं कालवडीच्या पायात काळा दोरासुद्धा बांधला होता.

दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून होती. दोघांनी गाई आणल्या त्याही एकाच बाजारातून, एकाच टेम्पोत घालून. लिंबाजीची गाय थोडी आधी व्याली आणि तिला गोऱ्हा झाला. गोऱ्ह्यात वाईट काही नव्हतं. दूध प्यायचा, उड्या मारायचा, शेपूट वर करून अंगणभर पळायचा. पण त्याला बघायला कोणी आलं नाही. एक दगडाबाई तेवढी आली होती, तीही उसनी नेलेली विळी परत करायला.

"आवं, एकदा जाऊन कान तर बघा," गजराबाई नवऱ्याला म्हणाली. "हातात धरलं तर रेशमावानी लागत्यात."

"कानातनं दूध निघतंय व्हय?"

"आन डोळं! काजळ घातल्यावानी."

"तू भाकर वाढ."

"वाढून किती येळ झाला. ताटाकडं बघा की."

लिंबाजीनं ताटाकडं बघितलं आणि ताट सरकवून तो उठला. न गेलं तर लोक म्हणतील, हा जळतो. म्हणून तो गेला. शरणबसप्पा गोठ्याच्या तोंडाशी खाट टाकून, मुलीला बघायला पाहुणे यायचे असावेत अशा थाटात बसला होता. माणूस अंगानं थोराड, मनानं साधा आणि आवाजानं असा, की तो कानात काही सांगायला लागला तर पलीकडच्या गल्लीला कळायचं.

"ये लिंबाजी! बघ, बघ. हात लाव."

लिंबाजीनं हात लावला. कान खरोखरच रेशमासारखा होता. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"आण्णा, असला वळू तर आपल्या भागात न्हाय. हिचा बाप कोण?"

"बाप कुठला? कृत्रिम हाय ही!" शरणबसप्पा छाती पुढं काढून म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कृत्रिम रेतन. गीर जातीचं."

गावात या गोष्टीला सगळे 'इंजेक्शन' म्हणत. लिंबाजीच्या गाईलाही तसलंच इंजेक्शन दिलेलं होतं, फक्त जात गीर नव्हती. त्या वेळी गाईची शेपटी त्यानंच धरली होती. पण शरणबसप्पाला डॉक्टरीणबाईंच्या तोंडचा शब्द फार आवडला होता. लग्नपत्रिकेत नावामागं पदवी लावतात तसा तो कालवडीमागं 'कृत्रिम' लावत होता.

लिंबाजी घरी आला तो हा शब्द घेऊनच. त्याच्या घरात टीव्ही होता आणि शब्द त्याच्या ओळखीचा होता. कृत्रिम दूध बनवणाऱ्यांवर छापा. मिठाईत कृत्रिम रंग. दुकानदारानं खत दडवलं की पेपरात यायचं, खताची कृत्रिम टंचाई. जिथं जिथं तो शब्द भेटला होता, तिथं तिथं काहीतरी सडलेलं होतं. आणि आता तो शब्द शरणबसप्पानं आपण होऊन आपल्या कालवडीच्या गळ्यात बांधला होता. सकाळपासून पहिल्यांदाच लिंबाजीला जरा बरं वाटलं.

चाँदपाशाच्या हॉटेलात चार लोक बसले होते. दगडाबाई घरच्या पाहुण्यांसाठी किटलीत चहा भरून घेत उभी होती.

"लिंबाजी, शेजारची कालवड बघितली का न्हाय?" चाँदपाशानं विचारलं.

"बघितली की. कृत्रिम हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी... माणसानं केलेली."

चाँदपाशाचा चहा गाळायचा हात थांबला. "माणसानं माठ केलेला बघितलाय, खाट केलेली बघितलीय. कालवड कशी करत्याल?"

"ते मला काय म्हाईत? शरणबसप्पाच म्हनतोय. म्या कुठं म्हनतोय?"

"आरं, पन गाय तर व्याली की. नीलम्मानं खरवस वाटला."

"तुमी कान बघितलं का कान?" लिंबाजी हळू आवाजात म्हणाला. "खऱ्या कालवडीला तसलं कान असत्यात व्हय?"

सगळ्यांनी मनातल्या मनात ते कान पुन्हा बघितले. काल ते सुंदर वाटले होते. आज ते जरा जास्तच लांब वाटले. दगडाबाईनं किटलीचं झाकण लावलं आणि ती घाईनं निघाली.

लिंबाजी घरी येऊन पोटभर जेवला. वर ठेचा मागून घेतला. आपण खोटं एक अक्षर बोललो नाही, शरणबसप्पाचाच शब्द त्या शब्दाच्या अर्थासकट सांगितला, याचं त्याला मोठं समाधान होतं.

दगडाबाईनं तो शब्द पिठाच्या गिरणीत नेला. तिथं दळण निघेपर्यंत बायांना दुसरं काम नव्हतं. कालवड कृत्रिम असेल तर तिला जन्म देणारी गाय कशी असणार? तीही कृत्रिमच असणार. मग अशा गाईचं दूध कसलं असणार? हिशेब इतका सरळ होता की तो कोणाला दोनदा करावा लागला नाही. संध्याकाळी दगडाबाई भांडं घेऊन रिजवानच्या दूध संकलन केंद्रावर गेली. गावातलं सगळं दूध रिजवानकडं जमायचं. तो दुधाचं फॅट मोजायचा, कॅनमध्ये ओतायचा आणि सकाळी टेम्पो येऊन ते कॅन शीतकरण केंद्रात न्यायचा.

"रिजवान, मला शरणबसप्पाचं दूध घालू नको बाबा," दगडाबाई म्हणाली. "त्ये कृत्रिम हाय."

रिजवानच्या हातातलं माप हवेतच राहिलं. त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं, मग मागच्या दाराकडं.

"आजी, हळू बोला! ह्यो शब्द इथं काढायचा न्हाय."

"कामून? शिवी हाय का?"

"शिवी परवडली, आजी. शिवीला कोणी सील ठोकत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरणबसप्पा दुधाची चरवी घेऊन आला. टेम्पो येऊन उभा होता आणि ड्रायव्हर पायरीवर बिडी ओढत बसला होता. रिजवाननं शरणबसप्पाला बाजूला घेतलं.

"आण्णा, आजच्या रोज दूध घरीच ठिवता का?"

"कामून?"

"लोक जरा बोलायलेत. कृत्रिम हाय म्हनून."

शरणबसप्पाचा चेहरा उजळला. कालवडीची कीर्ती केंद्रापर्यंत पोचलेली बघून त्याला भरून आलं. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हायच मुळी कृत्रिम! म्या कवा न्हाय म्हनलं?"

"आण्णा! कबूल करताय?"

"छाती ठोकून! लपवायचं काय त्यात? डॉक्टरीणबाईंनी सोता माझ्या गोठ्यात येऊन केलंय."

"डॉक्टरीणबाई बी सामील हायत?" रिजवान भिंतीला टेकला.

"त्यांच्याबिगर कसं व्हईल? त्या तर म्हनत्यात, समद्या गावानं असंच कृत्रिम करावं. आन मोप लोकांनी केलंय बी. गपगुमान करत्यात, सांगत न्हाईत, येवढंच."

पायरीवर बसलेल्या ड्रायव्हरनं बिडी विझवली, टेम्पोच्या पलीकडं जाऊन फोन लावला आणि तोंडावर हात धरून बराच वेळ बोलला. मग परत येऊन त्यानं टेम्पोत चढवलेले कॅन एकेक करून खाली उतरवले. शीतकरण केंद्रानं सांगितलं होतं, नमुने तेवढे पाठवा. तपासणी होईपर्यंत त्या गावचं थेंबभरसुद्धा दूध येता कामा नये.

ज्यानं जेवढं घातलं होतं तेवढं दूध मोजून ज्याच्या त्याच्या घरी परत गेलं. त्या दिवशी गावात दुपारपर्यंत चुली विझल्या नाहीत. कोणी खवा आटवला, कोणी पनीर करायला गेलं आणि त्याचं भलतंच काही झालं. मांजरं दुपारी पारावर आडवी पडली, त्यांना उठवेना. लिंबाजीच्या घरी बासुंदी झाली. काल बासुंदी मिळाली असती तर त्यानं वाटी चाटली असती. आज ती घशाखाली उतरेना.

गजराबाई समोर बसली. तिनं डावानं कढई ढवळली आणि शांतपणे विचारलं, "ह्यो शब्द गावात कोणी आणला?"

"शरणबसप्पानं."

"त्येनं कालवडीला लावला. दुधाला कोणी लावला?"

"दगडाबाईनं."

"आन दगडाबाईला कोणी दिला?"

लिंबाजी वाटीतली बासुंदी चमच्यानं फिरवत राहिला.

"कालवडीचं कान सांगितलं तर तुमी ताटावरनं उठलात," गजराबाई म्हणाली. "आन चाँदपाशाकडनं आलात ते ठेचा मागून जेवलात. मला तवाच कळायला पायजे हुतं."

"म्या खोटं काय बोललो? त्योच म्हनला कृत्रिम. म्या अर्थ सांगितला."

"अर्थ सांगितला का नाक मुरडलं?"

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "गजराक्का!" नीलम्मा होती. लिंबाजी वाटीसकट आतल्या खोलीत गेला आणि दाराआड उभा राहिला.

नीलम्मा उंबऱ्यावरच बसली. तिचे डोळे सुजले होते. "गजराक्का, काल घरात उभं राहायला जागा न्हवती. आज एक बाई दारात पाय ठेवंना. कालवडीला हात लावायला बी भ्यात्यात. शॉक बसंल म्हनत्यात! आमच्यामुळं गावाचं दूध बंद पडलं. ह्येंनी सकाळपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाय. खाटंवर पडून हायत भिंतीकडं तोंड करून." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आमी कोणाचं काय वाईट केलं गं? कोणी जळलं असंल आमच्यावर?"

दाराआड वाटीवर चमचा वाजला.

"मांजर हाय," गजराबाई म्हणाली. "लई खातंय आन मग पस्तावतंय."

नीलम्मा गेल्यावर गजराबाईनं मोटरसायकलची किल्ली आणून नवऱ्याच्या हातात ठेवली. भिंतीकडं तोंड करून पडलेला शरणबसप्पा त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तेवढा मोठा आवाज असलेला माणूस गप्प पडलाय, ही कल्पनाच त्याला सहन होईना. तो थेट जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि डॉक्टरीणबाई तरन्नुम यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, गाव बुडालं. चला."

"रोग कुठला आहे?"

"शब्दाचा हाय, मॅडम."

तिनं ऐकून घेतलं, ती हसली आणि नंतर हसायची थांबली, कारण तपासणीला गेलेल्या दुधाची गोष्ट तिच्याही नोकरीच्या अंगाशी येत होती. तिनं शीतकरण केंद्रात फोन केला. नमुने चांगले निघाले होते, कशातच काही नव्हतं. पण तिथले साहेब म्हणाले, गावकरीच कृत्रिम म्हणून कबूल करतात, तर आम्ही काय करणार? आधी गावाची समजूत घाला.

पारावर अख्खं गाव जमलं. शरणबसप्पाला दोघांनी धरून आणावं लागलं. लिंबाजीनं देवळातला माईक आणून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"कृत्रिम म्हणजे खोटं नव्हे," ती म्हणाली. "जे आपोआप झालेलं नाही, माणसानं आपल्या हातानं आणि अकलेनं केलं, ते कृत्रिम. भेसळवाले दुधासारखं काहीतरी बनवतात, त्याला आपण कृत्रिम दूध म्हणतो. तिथं वाईट आहे ती भेसळ. शब्दाचा काय दोष?"

"मग आमची हीर?" कोणीतरी विचारलं.

"खणलीत ना? मग कृत्रिम."

"तलाव?"

"माणसानं बांध घालून केला, तो कृत्रिम. नदी नाही, ती आपली आपण वाहते."

"आन ह्ये देऊळ?"

डॉक्टरीणबाई सावधपणे म्हणाली, "देऊळ बांधलंय माणसानं. देवाचं मला विचारू नका, मी जनावरांची डॉक्टर."

लोक हसले. मग सगळ्यांनाच उत्साह आला. चाँदपाशानं विचारलं, "माझा चहा, मॅडम?"

"तो तर पूर्ण कृत्रिम."

चाँदपाशा खूश होऊन इकडं तिकडं बघायला लागला. दगडाबाई पुढं आली आणि तिनं तोंडातली कवळी काढून हातात धरली. "आन ह्ये?"

"हे कृत्रिम दात, आजी. असल्याशिवाय भाकरी खाता येईल का?"

"येत न्हाय बाई. खरं व्हतं ते लई ठणकायचं. ह्येच बेस हायत." दगडाबाईनं कवळी बसवली आणि सगळ्यांकडं बघून जाहीर केलं, "कृत्रिमच चांगलं असतंय!"

"पण एक नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाली. "कालवड कोणी बनवलेली नाही. ती गाईनंच घातलीय आणि दूधही गाईचंच आहे. कृत्रिम फक्त रेतन. तुम्ही ज्याला इंजेक्शन म्हणता, तेच."

पारावरून 'आँ?' असा मोठा आवाज उठला. कारण इंजेक्शन बहुतेक सगळ्यांनीच दिलेलं होतं. लिंबाजीनं एकदा गजराबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली. तो उठला.

"मॅडम, मग आमचा गोऱ्हा बी कृत्रिमच म्हणायचा न्हवं?"

"अर्थात. तुम्हीच तर शेपटी धरली होती."

"ऐका!" लिंबाजी गावाकडं वळून ओरडला. "शरणबसप्पाआण्णाची कालवड कृत्रिम, तर माझा गोऱ्हा बी कृत्रिम! त्येंच्या दुधाला नाव ठेवायचं आसंल तर आधी माझ्या दुधाला ठेवा!"

बोलायला उठला तेव्हा त्याला अपराधी वाटत होतं. पण बोलून झालं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. स्वतःच्या गोऱ्ह्याची अब्रू पणाला लावून शेजाऱ्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस गावानं आजवर बघितला नव्हता. शरणबसप्पा डोळे पुसत पुढं आला आणि त्यानं लिंबाजीला अशी मिठी मारली, की लिंबाजीला काही कबूल करायचं असतं तरी श्वास राहिला नसता. हा शब्द पहिल्यांदा कोणी काढला याची चौकशीही कोणी केली नाही. एकानं चाँदपाशाला विचारलं, तर तो म्हणाला, "हॉटेलात शब्द कोणाचा ऱ्हातोय व्हय? कपाबरोबर धुतला जातोय."

दुसऱ्या दिवसापासून दूध जाऊ लागलं. इथंच गोष्ट संपली असती. पण डॉक्टरीणबाईंनी जाता जाता सांगितलं होतं, की काही महिन्यांनी तालुक्याला वासरू मेळावा आहे, आणि तो खास कृत्रिम रेतनातून झालेल्या वासरांचाच असतो. शरणबसप्पानं कालवडीला न्यायचं ठरवलं. लिंबाजीनंही गोऱ्ह्याला न्यायचं ठरवलं, पण गोऱ्हा टेम्पोत चढायला तयार होईना. पुढचे पाय फळीवर ठेवायचा आणि मागच्या पायांनी गावाकडं निघायचा. शेवटी तो राहिला आणि लिंबाजी एकटाच गेला.

"कालवडीची दोरी तू धर," शरणबसप्पा वाटेत म्हणाला. "तू न्हसता तर ही आज कुठं असती? मान तुझा."

लिंबाजीनं दोरी धरली. मैदानात तो कालवडीला घेऊन गोल फिरला आणि लोक वळून वळून बघत राहिले. ते कालवडीकडं बघत होते. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की बघणाऱ्यांची नजर थोडी आपल्यावरही सांडते, हे लिंबाजीला त्या दिवशी कळलं. कालवडीचा पहिला नंबर आला. शरणबसप्पाला आनंदानं काय करावं सुचेना. बक्षीस घ्यायचं तर डोक्याला फेटा हवा, म्हणून तो फेटे बांधणाऱ्याकडं धावला. तिथं आधीच रांग होती.

तेवढ्यात एका पेपरचा माणूस कॅमेरा घेऊन आला. त्याला परतायची घाई होती.

"दोरीवाले, इकडं बघा. जरा हसा. हां. नाव?"

लिंबाजीनं फेटेवाल्याकडं बघितलं. शरणबसप्पाच्या डोक्याभोवती नुकताच पहिला वेढा पडत होता. हाक मारली असती तर तो अर्ध्या फेट्यानिशी आला असता. लिंबाजीनं हाक मारली नाही. त्यानं नाव सांगितलं. आडनावासकट आणि गावासकट.

विचारलं ते नाव, सांगितलं ते नाव, असं तो परतीच्या वाटेवर मनाशी घोकत होता. शरणबसप्पा फेटा न सोडता टेम्पोत कालवडीशेजारी बसला होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हात करत होता. त्यानं बक्षिसाची ढाल मांडीवर धरली होती. घरी आल्यावर लिंबाजीनं गजराबाईला सगळं सांगितलं, फोटोसुद्धा.

"आन नाव तुमचं सांगितलं?"

"त्येनं माझंच इचारलं."

"उद्या पेपर आला की समद्यांच्या आधी तुमी सांगायचं, कालवड आण्णांची हाय म्हनून. गावासमोर. न्हायतर म्या सांगते, आन मग म्या पयल्यापासनं सांगते."

सकाळी लिंबाजी चाँदपाशाच्या हॉटेलात गेला तेव्हा पेपर येऊन पोचला होता आणि पाच-सहा डोकी त्यात खुपसलेली होती. फोटो झकास आला होता. कालवडीचे कान, लिंबाजीच्या मिशा, सगळं स्पष्ट. खाली ओळ होती. पेपरवाल्याला 'रेतन' हा शब्द घरोघरी जाणाऱ्या पेपरात बरा वाटला नसावा. त्यानं तो गाळला होता आणि उरलेले शब्द घाईत जमतील तसे लावले होते. चाँदपाशा मोठ्यानं वाचत होता, "वासरू मेळाव्यात प्रथम क्रमांक पटकावणाऱ्या कालवडीसह कृत्रिम पशुपालक लिंबाजी!"

"कृत्रिम पशुपालक!" एकजण म्हणाला. "पशुपालक तर समदेच हायत. कृत्रिम येकच!"

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या? आपल्या अकलंनं करतो तो कृत्रिम," दुसरा म्हणाला.

"मला बोलू द्या," लिंबाजी म्हणाला. "ती कालवड माझी न्हाय. शरणबसप्पाआण्णांची हाय. म्या फकस्त दोरी धरली."

लोक एकमेकांकडं बघून हसले. कालवड कोणाची हे त्यांना ठाऊक होतं, पण मान ज्याचा छापून आला त्याचाच, आणि पारावरचा तो प्रसंगही कोणी विसरलं नव्हतं.

"बघा, परत शेजाऱ्याला मोठेपणा देतोय."

"आवं, खरंच न्हाय माझी! भिंतीपल्याडच्या गोठ्यात हाय, जाऊन बघा!"

"असा माणूस लाखात येक," चाँदपाशा म्हणाला आणि त्यानं लिंबाजीपुढं स्पेशल चहा ठेवला.

शरणबसप्पा आत आला तो फेटा बांधूनच. त्यानं फोटो बघितला. दोरी बघितली, मिशा बघितल्या, आपण कुठंच नाही हे बघितलं. मग खालची ओळ त्यानं ओठ हलवत दोनदा वाचली. त्याच्या तोंडाचा रंग बदलत गेला. लिंबाजी ते बघत होता. हा रंग त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. फक्त तो दुसऱ्याच्या तोंडावर कसा दिसतो, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"ह्ये चूक हाय," शरणबसप्पा म्हणाला. आवाज कापत होता, पण गल्लीभर ऐकू गेला. "लिंबाजी न्हाय कृत्रिम. म्या हाय! गाय माझी, कालवड माझी, शब्द बी गावात म्याच आणला. खरा कृत्रिम म्या हाय!"

"आण्णा खरं बोलत्यात," लिंबाजी कळवळून म्हणाला.

कोणी शरणबसप्पाच्या नजरेला नजर देईना. चाँदपाशानं फडकं खांद्यावर टाकलं, शरणबसप्पाचा हात धरून त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत समजुतीनं म्हणाला,

"आसू द्या, आण्णा. इतकं जळू नये माणसानं."